खिडकीतली रोपं गच्चीवर का करपतात?

मागच्या एप्रिलमध्ये नवी मुंबईत, कोपरखैरण्याच्या आमच्या घरात मी मिरचीचा ९८ कप्प्यांचा एक प्रो-ट्रे वाढवला. हॉलच्या काचेच्या खिडकीशी, पडदा बाजूला सारून. रोपं चार-चार पानांची, हिरवीगार, बघणाऱ्याला हेवा वाटावा अशी झाली. एका रविवारी सकाळी ट्रे उचलला आणि सोसायटीच्या गच्चीवर नेऊन ठेवला. मोकळं ऊन मिळेल, रोपं दणकट होतील, असा साधा हिशोब. पाणी सकाळ-संध्याकाळ न चुकता. बुधवारी बघतो तर वरच्या पानांवर पांढुरके, कागदासारखे कोरडे चट्टे. काही पानांना काशाच्या भांड्यासारखी तांबूस चकाकी आलेली, कडा वळलेल्या.

घरच्यांचं निदान तयार होतं: उन्हाने करपली, पाणी कमी पडलं असणार. पण ट्रेमधलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तर ओलं होतं. शिवाय एक गोष्ट खटकत होती. जिथे एक पान दुसऱ्या पानावर आलं होतं, तिथे खालच्या पानावर वरच्या पानाच्या आकाराचा हिरवा ठसा राहिला होता. ठशाभोवती चट्टा, ठशाच्या आत पान जसंच्या तसं. गरम हवा सगळीकडून फिरते, ती असा रेखीव ठसा सोडत नाही. पाणी कमी पडलं तर अख्खं पान मान टाकतं. असा ठसा काढणं फक्त प्रकाशाला जमतं.

मुरबाडच्या मामांना फोटो पाठवला. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "काचेआड वाढवलीस ना? मग लाडावलेली पोरं एकदम उन्हात सोडलीस की रे." मामा भात आणि भेंडीवाले, त्यांच्या बोलण्यात अतिनील किरण वगैरे काही नव्हतं. पण काच हा शब्द त्यांनी बरोबर पकडला होता.

काचेने काय अडवलं होतं

आपल्याला जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचा प्रकाश दिसतो. जांभळ्याच्या अलीकडे आणखी प्रकाश असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. जर्मनीत योहान रिटर यांनी १८०१ साली तो पकडला. चांदीच्या एका क्षारावर त्यांनी लोलकातून गाळलेला प्रकाश टाकला, तर क्षार सर्वांत वेगाने काळा पडला तो जांभळ्या पट्ट्याच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. हाच अतिनील प्रकाश. बोलताना आपण सगळे यूव्हीच म्हणतो, म्हणून इथेही तेच म्हणू.

या यूव्हीचे तीन गट करतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा यूव्ही-ए, २८० ते ३१५ चा यूव्ही-बी आणि त्याहून आखूड तो यूव्ही-सी. तरंग जितका आखूड, तितका त्याचा एकेक कण जास्त ताकदीचा, म्हणजे जास्त मोडतोड करणारा. यूव्ही-सी जमिनीपर्यंत येतच नाही. हवेतला ऑक्सिजन आणि वरचा ओझोन तो पूर्ण गिळतात. यूव्ही-बीचाही मोठा भाग ओझोन खातो. जमिनीवर पोहोचणाऱ्या यूव्हीत साधारण ९५ टक्के यूव्ही-ए असतो आणि उरलेला यूव्ही-बी. एवढाच. पण रोपाच्या दृष्टीने सगळी गंमत याच पाच टक्क्यांत आहे.

खिडकीची साधी काच यूव्ही-बी जवळजवळ सगळा अडवते, यूव्ही-ए बराचसा आत सोडते. म्हणजे माझ्या मिरचीने उजेड पाहिला होता, थोडीफार ऊबही पाहिली होती, पण यूव्ही-बी नावाची गोष्ट जन्मात पाहिली नव्हती. घरात एलईडी दिव्यांखाली रोपं किंवा मायक्रोग्रीन्स वाढवणाऱ्यांची गत याहून पुढची. त्या दिव्यांत बहुधा यूव्ही नसतोच. गच्चीवर घातलेल्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्र्याखालीही यूव्ही-बी पोहोचत नाही. पाण्याची बाटली कापून तिचा घुमट रोपावर पालथा घालायची युक्ती अनेक जण करतात. ते प्लास्टिकही यूव्ही-बी खातं. यात वाईट काही नाही. फक्त अशा छपराखालून रोप बाहेर काढताना आपण नेमकं काय बदलतोय हे ठाऊक हवं.

पानाच्या आत काय मोडतं

डीएनए म्हणजे पिळाची शिडी, ही उपमा शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. त्याच शिडीवरून पुढे जाऊ. यूव्ही-बीचा कण शिडीवर आदळला की एकाच बाजूची शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटून बसतात. शिडी तिथे वाकडी होते. पेशी जेव्हा ती वाचायला किंवा तिची नक्कल काढायला जाते, तेव्हा त्या वाकड्या जागी अडखळते. कडक उन्हात हे सतत, असंख्य पेशींत घडत असतं.

झाडाकडे यावर एक सुंदर हत्यार आहे. फोटोलायेज नावाचं प्रथिन त्या चिकटलेल्या जोडीवर बसतं आणि तिला सोडवतं. हे करायला त्याला ऊर्जा लागते, आणि ती ते घेतं निळ्या आणि यूव्ही-ए प्रकाशातून. म्हणजे ज्या उन्हाने तोडलं, तेच ऊन सांधायलाही मदत करतं. (माणसाकडे हे हत्यार नाही. आपल्या पेशी वेगळ्या, जास्त खटपटीच्या मार्गाने दुरुस्ती करतात. या बाबतीत मेथीची जुडी आपल्यापेक्षा पुढारलेली आहे.)

भाताच्या दोन जपानी जातींवर या हत्याराचा फार बोलका अभ्यास झाला आहे. सासानिशिकी ही जात यूव्ही-बी बऱ्यापैकी सोसते. नोरिन-१ तिची जवळची नातेवाईक, पण यूव्ही-बीत पार खचते. शोधत गेल्यावर कळलं की दोघींच्या फोटोलायेजमध्ये १२६ व्या जागेवरचा एकच अमिनो आम्लाचा मणी वेगळा आहे. तेवढ्याने नोरिनचं हत्यार बोथट झालं होतं. शेकडो मण्यांच्या माळेत एक मणी बदलला आणि रोपाचं उन्हाशी नातंच बदललं.

डीएनए एवढंच एक लक्ष्य नाही. हरितलवकात, म्हणजे हरितद्रव्य साठवणाऱ्या पेशीतल्या कणात, प्रकाश पकडणारी जी यंत्रणा असते, तिच्यातलं एक प्रथिन उन्हात सतत मोडत असतं आणि पेशी ते सतत नवीन करत असते. गिरणीचा पट्टा झिजतो आणि बदलला जातो, तसं. मोडण्याचा वेग बदलण्याच्या वेगापुढे गेला की गिरणी मंदावते, न वापरलेली प्रकाशाची ऊर्जा साचते, तिच्यातून ऑक्सिजनची तिखट, आसपासचं सगळं जाळत सुटणारी रूपं तयार होतात आणि हरितद्रव्य विरून जातं. पान पांढुरकं पडतं ते इथे.

इथे एक कबुली द्यायलाच हवी, नाहीतर सगळं खापर यूव्हीवर फुटेल. त्या प्रथिनाला नुसता दिसणारा तीव्र प्रकाशही मोडतो. गच्चीवर माझ्या मिरचीवर एकाच वेळी चार गोष्टी आदळल्या: खिडकीपेक्षा कैक पट उजेड, पहिल्यांदाच भेटलेला यूव्ही-बी, तापलेल्या लादीवर ठेवलेला काळा ट्रे आणि खाडीकडून येणारा अखंड वारा. यातलं नेमकं किती टक्के नुकसान कोणी केलं, हे घरबसल्या वेगळं काढता येत नाही. ठशावरून एवढंच नक्की होतं की मुख्य आरोपी प्रकाश आहे. त्या प्रकाशातला नवखा पाहुणा यूव्ही-बी होता.

रोपाची स्वतःची छत्री

मग मुरबाडच्या शेतातली रोपं का करपत नाहीत? त्यांच्यावर तर पहिल्या दिवसापासून उघडं आभाळ असतं.

कारण त्यांनी छत्री उघडलेली असते. पानाच्या वरच्या सालीत, म्हणजे अगदी बाहेरच्या पेशींच्या थरात, झाड काही रंगहीन किंवा फिकट पिवळी द्रव्यं साठवतं. फ्लॅव्होनॉइड हे त्यांच्या मोठ्या कुळाचं नाव. कांद्याच्या सालीत भरपूर सापडणारं क्वेर्सेटिन त्यातलंच. ही द्रव्यं यूव्ही-बी शोषतात, पण दिसणारा प्रकाश आत जाऊ देतात. म्हणजे अन्न शिजवायला लागणारा उजेड आत, मोडतोड करणारा बाहेर. उघड्यावर वाढलेल्या अनेक झाडांच्या पानांत ही साल ९० टक्क्यांहून जास्त यूव्ही-बी दारातच थांबवते. जोडीला पान जाड होतं, वरचा मेणाचा थर वाढतो, पेरं आखूड राहतात. रोप बुटकं आणि राकट दिसतं. बाजारात लांबसडक, मऊ, फिकट रोप बघून खूश होऊ नये, असं जुने माळी सांगतात त्याचं एक कारण हे.

पण छत्री उघडायची हे रोपाला कळतं कसं? मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या प्रयोगी वनस्पतीवर काम करताना २०११ साली हे कोडं सुटलं. पेशीत यूव्हीआर-८ नावाचं एक प्रथिन असतं. यूव्ही-बी नसताना या प्रथिनाचे दोन-दोन रेणू हातात हात घालून बसलेले असतात. यूव्ही-बी पडला की हात सुटतात. सुटलेला एकेक रेणू पेशीला निरोप देतो आणि फ्लॅव्होनॉइड बनवणाऱ्या जनुकांची कामं सुरू होतात. विशेष म्हणजे हे व्हायला जखम व्हावी लागत नाही. नुसती चाहूल पुरते, थोडासा यूव्ही-बी सुद्धा.

आंब्याची कोवळी तांबूस पालवी बघून "तो लाल रंग म्हणजे यूव्हीची छत्री" असं सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. तो लाल-जांभळा रंग जास्त करून दिसणाऱ्या प्रकाशातला हिरवा भाग शोषतो, म्हणजे एकूण उजेडाचा मारा कमी करतो. यूव्ही-बी अडवण्याचं मुख्य काम त्याच्या बिनरंगी भावंडांचं. त्यामुळे रोप लाल झालं नाही म्हणून ते उघडं पडलंय असं समजायचं कारण नाही. खरी छत्री डोळ्यांना दिसत नाही.

आता अडचण कुठे आहे ते बघा. नुकसान व्हायला काही तास पुरतात. छत्री नीट उघडायला काही दिवस लागतात. माझ्या रोपांना मी रविवार ते बुधवार दिले, आणि तेही भर दुपारसकट. रोपाला ऊन सोसत नव्हतं असं नाही. उन्हाची आणि त्याची ओळख व्हायलाच मी वेळ दिला नव्हता. नर्सरीवाले ज्याला हार्डनिंग म्हणतात, म्हणजे रोपं कणखर करणं, ते या ओळखीचंच नाव.

ठाण्याच्या आभाळात यूव्ही-बी केव्हा जास्त

ओझोनला भोक पडल्यामुळे आपल्याकडे यूव्ही वाढला, हे वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात फिरतं. ओझोनचं ते प्रसिद्ध भोक अंटार्क्टिकावर. १९८५ मध्ये ते जगापुढे आलं, १९८७ मध्ये ओझोन नष्ट करणारी रसायनं आवरण्यासाठी माँट्रियल करार झाला. ठाण्याच्या उन्हाचं कारण वेगळं आणि फार जुनं आहे. सगळ्या आभाळातला ओझोन दाबून जमिनीवर पसरला तर जगाच्या सरासरीने जेमतेम ३ मिलिमीटरचा थर होईल. विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात तो त्याहूनही पातळ असतो, कारण इथे वर तयार होणारा ओझोन उंचावरचे वारे ध्रुवांकडे वाहून नेतात. त्यात ठाणे साधारण १९ अंश उत्तरेला. मेच्या मध्यावर सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्या दुपारी क्षणभर सावली पायाखाली नाहीशी होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो परतताना पुन्हा डोक्यावर येतो, फक्त तेव्हा ढगांमुळे आपलं लक्ष नसतं.

सूर्य डोक्यावर म्हणजे किरणांना ओझोनचा थर सरळ, कमीत कमी जाडीतून पार करावा लागतो. तिरपा सूर्य म्हणजे तोच थर आडवा कापत येणं. यूव्ही-बीवर या तिरपेपणाचा परिणाम दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा खूप जास्त होतो. म्हणूनच सकाळी आठचं ऊन लख्ख असलं तरी त्यात यूव्ही-बी फार थोडा असतो. कोवळं ऊन हा शब्द आपल्याकडे आहे तो उगाच नाही.

याला यंत्र लागत नाही, सावली पुरते. गच्चीवर उभं राहा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर सूर्य ४५ अंशांच्या खाली आहे आणि यूव्ही-बी बेताचा आहे. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की सावध. मेमध्ये ठाण्यात ही आखूड सावलीची वेळ साधारण सकाळी साडेनऊला सुरू होते आणि दुपारी पावणेचारपर्यंत टिकते. डिसेंबरच्या शेवटी हीच वेळ जेमतेम दोन तासांची. आणखी एक बारकावा: आपलं घड्याळ देशाच्या मध्यावरच्या रेषेप्रमाणे चालतं आणि आपण तिच्या पश्चिमेला, म्हणून मेमध्ये इथला खरा मध्यान्ह बाराला नाही, साडेबाराच्या पुढे पाच मिनिटं होतो. बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल, असं समजून एक वाजता रोपं बाहेर काढणारे नेमके शिगेच्या वेळी काढतात.

सावलीचंही थोडं ऐका. आखूड तरंग हवेत जास्त विखुरतात, आभाळ निळं दिसतं ते त्यामुळेच. यूव्ही-बी निळ्याहूनही आखूड, म्हणून तो आणखी विखुरतो. निरभ्र दिवशी जमिनीवर येणाऱ्या यूव्ही-बीचा जवळपास निम्मा भाग थेट सूर्याकडून न येता आभाळाकडून येतो. म्हणजे समोरच्या टॉवरची सावली गॅलरीत पडली असेल, पण गॅलरीतून निम्मं आभाळ दिसत असेल, तर रोपाला थोडा यूव्ही-बी मिळतोच. कणखर करण्याच्या पहिल्या पायरीला अशी गॅलरी उत्तम. थेट उन्हाचा मारा नाही आणि यूव्हीआर-८ ला चाहूल मात्र लागते.

विरळ ढगांवर विसंबू नये. पातळ पांढऱ्या ढगातून यूव्ही-बी बराचसा पार होतो, आणि तुटक ढगांच्या कडांवरून परावर्तित होऊन क्षणभर नेहमीपेक्षा जास्तही येऊ शकतो. पावसाळी काळे ढग मात्र तो खरंच कमी करतात. त्यामुळेच ठाणे-नवी मुंबईत मेपेक्षा ऑक्टोबर मला रोपांसाठी जास्त दगाबाज वाटतो. चार महिने ढगाखाली वाढलेली, छत्री अर्धीच उघडलेली रोपं, पावसाने धुतलेली स्वच्छ हवा, आणि एके दिवशी अचानक उघडीप. हिवाळी टोमॅटो-वांग्यांची रोपं तयार होण्याचा काळही नेमका तोच.

गच्चीच्या पांढऱ्या भिंतीबद्दल बरेच जण विचारतात. डोळे दिपवणारा उजेड ती परत फेकते, पण पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड यूव्ही शोषतं, परत फेकत नाही. भिंतीजवळ रोपं करपत असतील तर उजेड आणि उष्णता बघा.

जाळी, प्लास्टिक आणि एक फसवा शब्द

शेडनेटच्या, म्हणजे सावलीच्या जाळीच्या, किंवा पॉलिथिनच्या गुंडाळीवर "यूव्ही स्टॅबिलाइज्ड" असं छापलेलं असतं. दुकानदार सांगतो, "साहेब, यूव्हीवालं आहे, रोपांना काही होणार नाही." याचा खरा अर्थ वेगळा आहे. उन्हात प्लास्टिक स्वतः ठिसूळ होऊन फाटू नये म्हणून त्यात स्थिरक मिसळलेले असतात. संरक्षण प्लास्टिकला आहे. रोपाला मिळेलच असं नाही. काही स्थिरक जाता जाता यूव्ही शोषतात, काही मुळीच नाही. रोपापर्यंत यूव्ही पोहोचू न देणारा प्लास्टिकचा कागद वेगळा मागावा लागतो आणि तो किती नॅनोमीटरपर्यंत अडवतो हे विचारावं लागतं. हरितगृहावरचा २०० मायक्रॉनचा कागद घेताना तर हे विचाराच.

आणि मुळात असा पूर्ण अडवणारा कागद हवा का? हवा, पण बहुतेक वेळा किडीसाठी. पांढरी माशी, फुलकिडे, मावा यांना यूव्ही दिसतो आणि त्याच्या आधाराने ते वावरतात. यूव्ही अडवलेल्या छपराखाली त्यांचं येणं आणि पसरणं कमी होतं. मिरचीवर चुरडा-मुरडा आणणारे विषाणू पांढरी माशी पसरवते, त्यामुळे रोपवाटिकेत हा फायदा मोठा. मात्र त्याची किंमत रोप देतं: ते छत्रीशिवाय वाढतं, मऊ राहतं. वांग्याच्या काही जातींत फळावर जांभळा रंग चढायलाही यूव्ही लागतो. तो पूर्ण अडवला तर वांगी फिकट होतात. म्हणून अशा छपराखालची रोपं शेतात जाण्याआधी कणखर करण्याचे दिवस वाढवावे लागतात. हे दिवस वाचवले की शेतकऱ्याची पहिली तक्रार "रोपं खराब दिली" अशी येते. रोपं चांगलीच असतात, घाईने दिलेली असतात.

जाळीचं गणित त्यामानाने सोपं. ५० टक्के म्हणजे अंदाजे निम्मा प्रकाश अडणार, आणि यूव्हीही साधारण त्याच प्रमाणात. ती गाळत नाही, फक्त कमी करते. म्हणूनच ओळख करून द्यायला जाळी काचेपेक्षा बरी: सगळंच येतं, पण निम्म्याने. मिरची-टोमॅटोच्या रोपांना ३५ ते ५० टक्के पुरे. ७५ टक्क्यांखाली रोपं लांबुळकी, मान काढलेली होतात. हिरवी जाळी नवी मुंबईत जिकडेतिकडे दिसते, पण ती तांबडा आणि निळा, म्हणजे रोपाच्या जास्त कामाचा प्रकाशच जास्त अडवते. काळी किंवा पांढरी घ्यावी. इमारतीच्या कामावर बांधतात ती जाळी गच्चीवर वापरणारेही पाहिलेत. फुकट मिळाली तरी नको.

आवणाला कोणी जाळी बांधत नाही

शहापूर-मुरबाडकडे भाताची रोपं, म्हणजे आवण, उघड्या आभाळाखालीच वाढतं. राब, म्हणजे पालापाचोळा आणि शेण, भाजलेल्या जमिनीत रोहिणीत किंवा मृगात पेरायचं, साधारण तीन आठवड्यांनी उपटून मुठी बांधायच्या आणि चिखलात लावायच्या. रोपाचं पहिलं पानच यूव्ही-बीत उघडतं, म्हणून छत्री पहिल्यापासून. शिवाय भात हे वाळू खाणारं पीक. जमिनीतली सिलिका उचलून ते पानाच्या सालीत भरतं, आणि सिलिका भरपूर मिळालेला भात यूव्ही-बीचा ताण जास्त सोसतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. भातलागवडीच्या कोकणात रुजवलेल्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळायला सांगतात, ती सिलिकेसाठीच. त्यामागे यूव्हीचा विचार नव्हता. रोप ताठ व्हावं, करपा रोगाला आणि खोडकिडीला दाद देऊ नये, हा हेतू होता. जाड साल मात्र कोणाला अडवायचं हे विचारून अडवत नाही.

यूव्ही-बी सोसण्यात सगळी पिकं सारखी नसतात. सगळ्यात नाजूक काकडीवर्गीय. काकडीची पहिली दोन जाड दलं, जी खरी पानं नसतातच, ती यूव्ही-बीला इतकी संवेदनशील असतात की प्रयोगशाळांत त्यांच्यावरच अभ्यास चालतात. घेवडाही नाजूक. टोमॅटो, मिरची, वांगं त्यांच्याइतकी नाजूक नसतात.

आता मी काय करतो

सात ते दहा दिवस धरतो. पहिले दोन दिवस ट्रे गॅलरीत, काच पूर्ण उघडून, थेट ऊन फक्त साडेआठपर्यंत. पुढचे दोन दिवस सावली उंचीइतकी होईपर्यंत ऊन, मग आत. त्यानंतर गच्चीवर ५० टक्क्यांच्या जाळीखाली अख्खा दिवस. ट्रे लादीवर नाही, चार विटांवर उचलून, म्हणजे खालून हवा खेळते आणि मुळं शिजत नाहीत. मग जाळी सकाळी अकरापर्यंत उघडी, दुपारी घातलेली, आणि शेवटचे दोन दिवस जाळीच नाही. मध्येच दिवसभर ढग आले तर तो दिवस मोजत नाही. या काळात पाणी थोडं ताणतो, पण रोप मान टाकेपर्यंत नाही. एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे नत्र-स्फुरद-पालाशचं खत बंद. भरपूर नत्र मिळालेलं पान मऊ आणि पाणीदार होतं, त्याच्याकडून छत्रीची अपेक्षा ठेवणं चूक. कुंडीत किंवा वाफ्यात लावायची वेळ संध्याकाळची.

करपलेलं दिसलं तर आधी कारण बघा. चट्टे वरच्या, आभाळाकडे तोंड केलेल्या पानांवर आणि झाकल्या भागात हिरवा ठसा, तर प्रकाश. फक्त कडा जळलेल्या, तर वारा, उष्णता किंवा मुळांशी साठलेले खताचे क्षार. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळं किंवा धूळ हलताना दिसली, तर कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड. शेवटचं कारण उन्हावर ढकलून आठवडा घालवणारे मी पाहिलेत, आणि तेवढ्यात अख्खी गच्ची जाते.

एका शेजाऱ्यांनी विचारलं, माणसांचं सनस्क्रीन पातळ करून फवारलं तर? नको. त्यातली तेलं पानाची श्वसनछिद्रं बुजवतात. डाळिंबासारख्या फळांवर केओलिन मातीची पांढरी फवारणी करतात, ती मोठ्या झाडांसाठी. कोवळ्या रोपावर ती कामाचा उजेडही अडवते. दुसऱ्यांनी पाण्याच्या फिल्टरमधला जुना यूव्ही दिवा "रोपांना सवय लावायला" काढून ठेवला होता. तो यूव्ही-सीचा. पृथ्वीवरच्या कुठल्याही रोपाने तो उन्हात कधी पाहिलेला नाही, आणि उघडा पेटवला तर आधी बघणाऱ्याचे डोळे जातील.

करपलेला तो ट्रे मी फेकला नव्हता. जाळीखाली सरकवला, पानं खुडली नाहीत, पाणी चालू ठेवलं. ९८ पैकी ६१ रोपं जगली. चट्टे पडलेली पानं तशीच राहिली, त्यातलं एकही पुन्हा हिरवं झालं नाही. दहाव्या दिवसाच्या सुमाराला शेंड्याला नवी पानं आली; जुन्यांपेक्षा लहान, गडद आणि बोटाला जाड लागणारी. मग मी जाळी काढली. त्याच गच्चीवर, मेच्या उन्हात त्या नव्या पानांवर एकही चट्टा आला नाही.